रात्रभराचा दम

कम्प्युटर महाडहून दुरुस्त होऊन आला, त्या दिवशी ठमाबाई त्याला उतरवून घ्यायला स्वतः खाली सडकेवर गेली. आडाचा कोंड ही त्यांची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याची असली तरी सडकेपासून चांगलाच वर. एसटी सडकेवर सोडते, पुढं ज्याचे त्याचे पाय. गाडीतून आधी सून उतरली, समीक्षा, आणि मग कंडक्टरनं कुरकुरत पत्र्याचा काळा डबा खाली दिला. ठमाबाईनं घरून जुनी गोधडी आणली होती. तिनं डबा गोधडीत गुंडाळला, पदराची चुंबळ केली आणि तो डोक्यावर चढवला.

“आई, जपून हां. आपटला तर आतलं सगळं जाईल.”

“तुज्या वयाची नव्हती तवापास्नं भाताचं भारं वाहतंय मी. एक तरी पाडला?”

“भाऱ्यात वायरी नसतात.”

“नसतात, पन जड तेवडंच असतंय,” असं म्हणून ठमाबाई पुढं झाली. समीक्षा मागून हसत, हातातली पिशवी सांभाळत चढू लागली. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं, लोंब्या खाली मान घालून उभ्या होत्या आणि वर आभाळ मात्र दिवाळी तोंडावर आली तरी जायचं नाव घेत नव्हतं. परतीचा पाऊस म्हणजे निघालेला पाहुणा. दहा वेळा उंबऱ्याशी येतो आणि पुन्हा बसकण मारतो.

हा कम्प्युटर ठमाबाईच्या लेकानं घेतलेला. संदेश पोलादपूरला सरकारी कचेरीत शिपाई होता. कारकून व्हायचं त्याच्या मनात होतं, म्हणून कुणाकडून तरी वापरलेला कम्प्युटर आणून तो रोज जेवणाआधी टायपिंगला बसायचा. बोटं त्याची शेतकऱ्याची, एक बटण दाबायला गेला की दोन दाबली जायची. ठमाबाई चुलीपाशी बसून त्याची चेष्टा करायची. मग दोन पावसाळ्यांपूर्वी लावणीच्या दिवसांत त्याला ताप आला. चिखलातला ताप, लेप्टोचा. महाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि तिथून तो परत आला तो ॲम्ब्युलन्समधून.

कचेरीतली माणसं चांगली. त्यांनी सांगितलं की त्याच्या जागी बायकोला घेता येईल, शिकलेली आहे, कारकुनाचीच जागा मिळेल. अट एकच, मुदतीच्या आत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. समीक्षा एकदा बसली होती आणि थोडक्यात नापास झाली होती. मुदत संपायच्या आत आता एकच परीक्षा उरली होती, दिवाळीनंतरची. ही गेली की जागाही गेली. पोलादपूरचा क्लास रोज गाठणं जमत नव्हतं, म्हणून सराव घरीच करायचा होता. पण परीक्षेचा सराव ज्यावर करायचा ते नवं सॉफ्टवेअर जुन्या कम्प्युटरवर चालेना. म्हणून महाडच्या कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या रुचिरकडून त्यावर नवी सिस्टीम टाकून आणली होती.

संध्याकाळी कम्प्युटर चालू झाला. पडदा निळा झाला, मग त्यावर डोंगराचं चित्र आलं. चार वर्षांची तेजश्री टाळ्या पिटायला लागली. समीक्षा पाट घेऊन बसली आणि टकटक सुरू झाली. ठमाबाईनं भाकरी थापता थापता मान वळवून पाहिलं. सुनेची बोटं अशी चालत होती की त्यांच्यावर डोळा ठरत नव्हता. ठमाबाईला एकदम बरं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ हातातली भाकरी थापायची राहून गेली.

हात का थांबला, ते तिला माहीत होतं. तिचा नवरा चांगू मुंबईला एका सोसायटीत वॉचमन. होळीला येतो, गणपतीला येतो, लेकाच्या दिवसांना आला तेव्हा चार दिवस जास्त राहिला एवढंच. जाऊ काशीबाई परवाच नदीवर कपडे आपटता आपटता म्हणाली होती, “नोकरी लागली की ती कशाला ऱ्हातेय गो हितं? जिल्ह्यात कुटं पन टाकतील, अलिबागला नायतर कुटं. पोरीला घिऊन जाईल. तू आन् तुजी म्हस.” काशीबाईचं बोलणं तिखट असतं, पण खोटं नसतं, हीच तिची अडचण.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली आणि घाटाच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं. समीक्षा टायपिंग आटपून, कम्प्युटर बंद करून वाडीतल्या अंगणवाडीतून तेजश्रीला आणायला गेली होती. जाताना रोजच्यासारखं बजावून गेली होती, “आई, वायरींना हात नका लावू हां. रुचिरदादानं सांगितलंय, नाजूक काम आहे.” पहिली वीज कडाडली तशी ठमाबाईनं कोंडातल्या सगळ्या बायका करतात तेच केलं. वीज घरावर न येता तिच्यावर जावी म्हणून लोखंडाची पहार अंगणात फेकली आणि घरातल्या सगळ्या पिना काढल्या. मागच्या वर्षी खालच्या आळीत टीव्हीसकट बोर्ड जळाला होता, भिंत काळी झाली होती. टीव्हीची पिन काढली, मोबाईलची काढली आणि मग ती कम्प्युटरसमोर येऊन उभी राहिली. वायरीला हात लावायचा नाही म्हणजे पिनेलाही लावायचा नाही का, हे तिला ठरवता येईना. तेवढ्यात दुसरी कडाडली. तिनं डोळे मिटून पिन उपसली.

पाऊस रात्री केव्हातरी थांबला. विजांच्या भीतीनं त्या रात्री कम्प्युटर कुणी लावलाच नाही. सकाळी समीक्षा म्हशीची धार काढायला गेली, तेव्हा ठमाबाईनं पिन गुपचूप परत खोचून ठेवली.

आणि कम्प्युटर चालू होईना.

म्हणजे दिवा लागला, पंखा घरघरला, पण डोंगराचं चित्र काही येईना. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांची इंग्रजी ओळ. समीक्षानं ती दोनदा वाचली. “ह्याला आतली सिस्टीमच सापडत नाही म्हणतोय,” ती म्हणाली. तिनं बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. प्रत्येक वेळी तीच ओळ.

काशीबाई विळा घेऊन दारात उभी होती. आडाच्या कोंडात कापणी सावडीनं होते. आज तुझ्या शेतात माझी माणसं, उद्या माझ्या शेतात तुझी. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही, पण कुणाच्या घरातून किती हात आले ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. ठमाबाईच्या घरून यंदा एकच विळा येत होता आणि त्यावर बायकांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या होत्या.

“आई, कुणी हात लावला होता का याला?” समीक्षानं विचारलं.

काशीबाई कान टवकारून ऐकत होती. ठमाबाईच्या तोंडून निघून गेलं, “नाय बा. कोन हात लावतंय?”

बाण सुटला तो सुटला. त्यानंतर खरं सांगावंसं वाटलं की ती दुसरंच काहीतरी बोलायची.

“बंद हाय तर चल मंग कापनीला,” काशीबाई समीक्षाला म्हणाली. “आमच्या वेळंला कम्प्युटर नव्हतं, तरी भात कापलं जायचं.”

समीक्षानं मुकाट्यानं कोनाड्यातला विळा घेतला. ठमाबाईनं तो तिच्या हातातून ओढून घेतला.

“तू नको. बोट कापून घेतलंस तर टायपिंग कशानं करशील, कोपरानं?”

“आई, तुम्ही एकट्या किती करणार?”

“वाकायला काय दोन मानसं लागतात? मी वाकतंय नि जरा जोरानं वाकतंय.”

आणि खरंच ती त्या दिवशी जोरानं वाकली. बांधावरच्या बायका सरळ होऊन पाठ मोडत होत्या, सुपारी कातरत होत्या, ठमाबाई आपली पात धरून पुढं सरकत होती. मूठ धरायची, विळा ओढायचा, कापलेल्या भाताची कवळी बाजूला पसरायची. घाम डोळ्यांत जात होता. खोटं बोललेल्या माणसाला काम बरं असतं, वर बघावं लागत नाही. संध्याकाळी तिच्या कमरेला अशी काही चमक भरली की घरापर्यंत ती हात पाठीवर ठेवून आली, आणि समीक्षानं न विचारता तेल गरम करायला ठेवलं. सुनेची ती हलकी, सवयीची बोटं कमरेवर फिरत होती आणि ठमाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. इतकी माया करणाऱ्या पोरीशी आपण खोटं बोललो, हे तिला कमरेच्या दुखण्याहून जास्त दुखलं.

दुसऱ्या दिवशी दोघी डबा घेऊन महाडला गेल्या. डबा गाडीभर ठमाबाईच्या मांडीवर होता. रुचिरचं दुकान बाजारात, आत सगळीकडं उघडे डबे आणि लोंबणाऱ्या वायरी, जणू कुणी मासे साफ करायला घेतलेत. रुचिर तिशीचा, चष्म्याचा, बोलायला मऊ. “बसा काकू,” म्हणून त्यानं तिला स्टूल दिलं. डबा आपल्या पडद्याला जोडून त्यानं चालू केला. तीच पांढरी ओळ. त्यानं एक बटण टकटक दाबलं, निळा पडदा आला, त्यात काहीतरी शोधून त्यानं एक गोष्ट बदलली आणि पुन्हा चालू केलं. डोंगराचं चित्र आलं.

“हे सेटिंग मीच सेव्ह करायचं विसरलो असेन,” तो समीक्षाला म्हणाला. “नवी सिस्टीम टाकताना ते बदलावं लागतं, नाहीतर मशीनला सिस्टीम दिसतच नाही. सॉरी, तुम्हांला हेलपाटा पडला.”

समीक्षा तेजश्रीचं खोकल्याचं औषध आणायला समोर गेली. ठमाबाई गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. ती जरा पुढं सरकली.

“दादा, एक इचारू? याला घर बाधतं का? म्हंजी एखाद्या घरात चालत नाय, असं काय असतं?”

दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, ते फिस्सकन हसलं. ठमाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. रुचिर हसला नाही.

“घर नाही बाधत काकू. का?”

“आन् समजा... कुनी पिन काडली असंल तर? आभाळ आल्यावर?”

“बंद केल्यावर काढली तर काही होत नाही. उलट विजा चमकत असतील तर काढलेलीच बरी. चांगलं करता तुम्ही.”

ठमाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. पिनेचा दोष नव्हता. येताना गाडीत ती सुनेशी इतकं बोलली की समीक्षा म्हणाली, “आई, आज काय खाल्लंत?” घरी येऊन लावला तर कम्प्युटर लगेच चालू झाला. रात्री समीक्षानं जेवण तयार होईपर्यंत सराव केला आणि तिचा वेग मागच्यापेक्षा वाढला होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा आभाळ भरून आलं. समीक्षा कम्प्युटर बंद करून मोरीत भांडी घासत होती. ठमाबाईनं पहार अंगणात टाकली, पिना काढल्या. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत, दुकानदारानंच सांगितलं होतं. सकाळी पिन खोचली, आणि समीक्षानं बटण दाबलं.

काळा पडदा. पांढरी ओळ.

समीक्षा रडली नाही. ती नुसती पाटावर बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. तिला असं बसलेलं ठमाबाईनं याआधी एकदाच पाहिलं होतं, महाडच्या दवाखान्यात. परीक्षा तोंडावर आली होती आणि पुन्हा महाडला जायचं, पुन्हा आणायचं, पुन्हा हेच.

ठमाबाईच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरू लागलं. पिनेनं काही होत नाही, शिकलेला माणूस म्हणाला. घर बाधत नाही, तेही तोच म्हणाला. मग उरलं काय? उरली ती. काल संध्याकाळी टकटक ऐकताना तिच्या मनात आलं होतं, की ही इतकी भराभर टाईप करायला लागली म्हणजे आता खरंच जाणार. मागच्या खेपेलाही आलं होतं. मनात आलं आणि सकाळी यंत्र बंद. दोन्ही वेळा. तिला स्वतःचीच भीती वाटली. ती उठून गोठ्यात गेली, म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली, आणि मग पदरानं तोंड पुसून परत आली.

“समीक्षा, तुला सांगायचं हाय.”

“काय आई?”

“ह्ये माज्यामुळं होतंय.”

समीक्षानं मान वर केली.

“माजं मन आडवं जातंय. तू परीक्षा पास व्हावीस असं वाटतं गो मला, देवाची आन. पन तू पास झालीस की जाशील. तेजूला घिऊन जाशील. घरात मग मी आन् ही चूल. त्ये मनात येतंय, मी ढकलतंय तरी येतंय. आन् आलं की सकाळी ह्ये मरून पडतंय. मी खोटं पन बोलले तुज्याशी. आभाळ आलं म्हनून मीच पिन काडली व्हती, तू इचारलंस तवा नाय म्हटलं. काशी उभी व्हती दारात.”

एवढं बोलून ती उंबऱ्यावर खाली बसली. समीक्षा उठून तिच्याजवळ येऊन टेकली. अंगणात कालची पहार अजून पडून होती.

“माणसाच्या मनात आलं म्हणून काही होत असतं ना आई,” समीक्षा म्हणाली, “तर हे गेले असते का? दवाखान्यात तुम्ही मनात काय कमी आणलं होतं? मी काय कमी आणलं होतं?”

ठमाबाईनं सुनेचा हात धरला.

“मलापण वाटतं कधीकधी, नापास झाले तर बरं. इथंच राहीन. मग तेजूकडं बघते.” समीक्षा थांबली. आणि एकदम तिच्या कपाळाला आठी पडली. “आई, पिन काढली होती म्हणालात. दोन्ही वेळा?”

“दोन्ही येळा. पन त्यो दुकानवाला म्हनला—”

“रात्रभर काढलेली होती?”

“सकाळपतुर.”

“आणि ज्या दिवशी काढली नाही त्या दिवशी चालला.” समीक्षा उठलीच. “फोन करा रुचिरदादाला.”

आता, आडाच्या कोंडात फोन करणं सोपं नाही. रेंज येते ती घरामागच्या फणसाखाली, तीही फणसाला पाठ लावून उभं राहिलं तर. आणि कम्प्युटर घरात. म्हणून ठमाबाई फोन घेऊन फणसाखाली उभी राहिली, समीक्षा घरात पडद्यासमोर बसली, आणि मधलं सगळं बोलणं ठमाबाईच्या गळ्यावर पडलं. तिचा गळा घाटात हाक मारून तयार झालेला होता, ही त्यातली सोय.

“दादा म्हनतोय, बटान दाबत ऱ्हा!” ती ओरडली. “निळा पडदा यील!”

“आला!” आतून आवाज आला.

“दादा, आला म्हनते.”

“काकू, त्यांना म्हणावं त्या पडद्यावर तारीख काय आहे ते वाचा.”

“समीक्षाऽ! तारीक वाच!”

समीक्षा मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा विचित्र झाला होता. “एक जानेवारी,” ती म्हणाली, “दोन हजार नऊ.”

ठमाबाईनं ते फोनमध्ये जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून रुचिरचा सुटल्यासारखा श्वास आला.

“सापडलं काकू! मशीनच्या आत बटणासारखा चपटा सेल असतो. पिन काढली की मशीन त्या सेलावर तारीख आणि सेटिंग लक्षात ठेवतं. हा सेल म्हातारा झालाय. तासभर, दोन तास दम धरतो, रात्रभराचा दम त्याला धरवत नाही. म्हणून इथून घरी नेईपर्यंत ठीक राहतं आणि रात्री सगळं विसरतं. मला आधीच कळायला हवं होतं. तुम्ही पिन नसती काढली तरी एखाद्या रात्री लाईट गेली असती आणि हेच झालं असतं. सेल पोलादपूरला घड्याळवाल्याकडं मिळेल. बसवायचा कसा ते मी फोनवर सांगतो.”

ठमाबाईला यातलं निम्मं समजलं. जे समजलं ते पुरेसं होतं. पिन काढलेली खरी होती आणि मनात आलेलंही खरं होतं, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

समीक्षानं डबा उघडला. आत धूळ आणि चुलीची काजळी बसली होती. तिनं हलक्या हातानं सेल काढला. ठमाबाईनं तो पदराच्या टोकाला बांधला आणि ती उठली.

“मी जाते ना आई. कापणी—”

“कापनी मी परत येऊन धरीन. तू त्या फळीवरच्या बटनांवर नुसती बोटं चालव. पडदा नसंल तरी बोटांना कळतंय.”

काशीबाईच्या अंगणावरून जाताना तिनं सांगितलं की आज आपला विळा दुपारनंतर येईल. काशीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दुपारनंतर कंच्या सावडीत येतात?” चार बायकांसमोर म्हणाली. ठमाबाई उतार उतरत गेली, सडकेवर अर्धा प्रहर उभी राहिली, तेव्हा एक टमटम आली आणि तिच्यात कोंबडीच्या खुराड्याशेजारी तिला जागा मिळाली.

पोलादपूरच्या घड्याळवाल्यानं सेल डोळ्याशी धरून बघितला. “कशाला पायजे, आजी?”

“सुनंच्या कम्प्युटरला.”

“घरी कम्प्युटर हाय तुमच्या?” त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडं बघत विचारलं.

“हाय तर. माज्या लेकाचा. आता सुनंचा.” नवा सेल तिनं पदराला बांधला आणि जुना परत मागून घेतला. तो काय कामाचा, असं घड्याळवाला म्हणाला. तिनं तोही पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधला.

परतीच्या चढाला तिची कंबर बोलू लागली. मध्ये एका दगडावर ती टेकली. समोर सगळा कोंड दिसत होता. कुठं अर्धी कापलेली शेतं, कुठं भाताच्या उडव्या रचलेल्या. आपलं घर तिला कौलांवरून ओळखू आलं. संध्याकाळी तिथं एकच दिवा असेल, एकच ताट असेल, हे तिनं अगदी नीट, डोळ्यांसमोर आणून बघितलं. आजवर ती ते ढकलत आली होती. आज तिनं ते पुरतं बघून घेतलं. रडू आलं तसं येऊ दिलं, कोणी नव्हतंच तिथं. मग नाक शिंकरून, सेल पदरात जागेवर आहे ना ते चाचपून ती उठली.

दोघींनी मिळून सेल बसवला. फणसापाशी जाऊन येऊन, रुचिरला विचारून. डबा लावला, बटण टकटक दाबलं, आणि निळा पडदा आला. त्यावर अजून तीच तारीख होती.

“आता ही बदलायची, सेटिंग करायचं आणि सेव्ह,” समीक्षा म्हणाली.

“थांब वाईच,” ठमाबाई म्हणाली.

ती पडद्याजवळ आली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. दोन, शून्य, शून्य, नऊ. तिनं ते बोटानं दाखवले.

“तवा त्यो आठवीत व्हता,” ती म्हणाली. “शाळा सुटली की पिशवी अंगनात टाकायचा नि नदीवर. हिवाळ्याचं दिस म्हनजे गार पानी. मी काठी घिऊन मागं. आन् ह्या यंत्राच्या लेखी अजून त्योच दिस चाललाय.”

समीक्षानं बटणांवरचा हात काढून घेतला. दारातून तेजश्री आली आणि आजीच्या मांडीवर चढून बसली. कोंबड्या अंगणात पसरलेल्या भाताकडं झेपावत होत्या आणि नेहमी त्यांना हाकलायला धावणारी ठमाबाई आज जागची हलली नाही. तिघी तशाच त्या निळ्या उजेडात बसून राहिल्या.

“ऱ्हाऊ दे का आज?” समीक्षानं हळूच विचारलं. “उद्या करू.”

ठमाबाईनं मान हलवली. “नको. परीक्षा हाय. कुटं दाबायचं त्ये सांग.”

समीक्षानं आजची तारीख घातली, सेटिंग बदललं, आणि सासूचा हात धरून तिचं बोट योग्य बटणावर आणून ठेवलं. विळ्यानं घट्टे पडलेलं, नखात हिरवं गेलेलं बोट. “इथं. दाबलं की सेव्ह होईल.”

ठमाबाईनं दाबलं.

पडदा काळा झाला. पांढरी ओळ आली नाही. थोड्या वेळानं डोंगराचं चित्र आलं, आणि तेजश्री मांडीवरून उतरून नाचायला लागली. समीक्षा पाटावर नीट सरकून बसली. सरावाचा उतारा उघडला आणि बोटं चालू झाली.

ठमाबाई तिच्या पाठीमागं उभी राहिली. तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. पाठ उबदार होती आणि टाईप करताना बारीकशी हलत होती.

“पास हो,” ती म्हणाली. “पास हो आन् जा. पोरीला शिकीव. माजं मी बगीन.”

समीक्षाची बोटं थांबली. तिनं मान खाली घातली आणि तिचे खांदे हलू लागले.

“थांबू नको,” ठमाबाई म्हणाली. “येळ लावलेली असंल ना त्यात.”

समीक्षानं बाहीनं डोळे पुसले आणि पुढची ओळ टाईप करायला घेतली.